विभागीय बास्केटबॉलला मुलांचा संघ नेताना

जिल्हा जिंकला की पोरं हवेत असतात. त्यांना चार दिवस मिरवू द्या, तुम्ही मात्र त्याच संध्याकाळी फाईल उघडा. १७ वर्षांखालील गटात जन्मतारीख आधी, खेळ नंतर. एका वर्षी आमच्या एका पोराच्या बोनाफाईडवर आणि आधारवर वेगवेगळी तारीख निघाली. तो किट घालून तयार उभा होता, आणि मला त्याला बाहेर बसवावं लागलं. तेव्हापासून प्रत्येकाचे कागद मी स्वतः शेजारी शेजारी ठेवून वाचतो.

सामने बहुधा बाद पद्धतीचे, हरलात की बॅगा भरायच्या. म्हणून लवकर जाऊन मैदान बघा. सिमेंटचं असेल तर सकाळी त्यावर बारीक धूळ असते. बाकाखाली ओलं फडकं ठेवा. आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर बूट पुसूनच जायचं. दोन्ही रिंगांवर १०-१० फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणी न अडवता मारायचे फटके, मारायला लावा. कुठली रिंग सैल आहे, बोर्डवरून बॉल कसा परततो, ते हाताला कळतं.

सामन्यात मी स्कोअरइतकंच फाउलकडे बघतो. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी एका भागात, संघाचे ४ फाउल झाले की बचावातल्या पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना फ्री थ्रो. खेळाडूचे ५ झाले की तो बाहेर. उंच पोराचे पहिल्या हाफमध्येच ३ झाले, तर काळीज घट्ट करून त्याला बसवा. शेवटच्या १० मिनिटांत तो लागणार आहे.

जेवण सामन्याच्या दोन-तीन तास आधी, साधा वरणभात. वडापाव सामना संपल्यावर.