गहू न चालणाऱ्या लेकराला वॉटर पार्कला नेताना

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, वॉटर पार्कचा. माझ्या नातीला सीलिॲक आहे. ती घसरगुंडीवरून पाण्यात येऊन आदळते तेव्हा जेवढी खूश असते, तेवढी एरवी क्वचितच दिसते. म्हणून माझं मत ठाम आहे, खाण्यापायी लेकराचा पार्क बुडू द्यायचा नाही. फक्त हा प्रश्न गेटच्या आत गेल्यावर सुटत नाही. तो आदल्या दिवशीच, फोनवर आणि स्वयंपाकघरात सोडवावा लागतो. मग पार्कात त्याचा विचारही करायला नको.

ज्यांच्याकडे हा आजार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे पोट नाजूक असणं नव्हे. गहू, जव (बार्ली) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांमधल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. औषध नाही, ग्लूटेन जन्मभर कटाक्षाने टाळणं हाच उपचार. तळून, भाजून, उकळून ग्लूटेन जात नाही. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं ते ठरवा.

आधी फोन. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत, असा नियम बहुतेक पार्कांत असतो. अमरावती रोडवर बाजारगावकडच्या पार्कला जा नाहीतर दुसरीकडे, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, शक्यतो रविवार सोडून सकाळच्या वेळी फोन करा. तिकीट खिडकीवरच्या मुलाशी बोलून उपयोग नाही, मॅनेजर मागा. त्यांना म्हणा, “मुलीला वैद्यकीय कारणाने घरचाच डबा द्यावा लागतो, बाकी आम्ही सगळे तुमच्याकडेच जेवू.” हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे. त्यांना आपला धंदा बुडायची काळजी असते, ती तिथेच मिटते. होकार मिळाला की व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून मागा आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. शिवाय बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर चिठ्ठी घ्या. तीत आजाराचं नाव, कोणते पदार्थ वर्ज्य आणि घरचा डबा सोबत ठेवणं आवश्यक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. तिची प्रत पिशवीत आणि फोटो मोबाइलमध्ये. एका पार्कच्या गेटवर आमचा डबा काढून बाजूला ठेवला होता. मी तो व्हॉट्सॲप निरोप आणि चिठ्ठी दाखवली, आतून मॅनेजर आले आणि डबा परत पिशवीत गेला. आवाज चढवावा लागला नाही.

आता डबा. इथे मी कुणाचं ऐकत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात दहीभात, पनीर, ओल्या नारळाची चटणी नेऊ नका. शिजवलेला भात तासन्‌तास गरमीत राहिला तर त्यानेच उलट्या व्हायच्या, आणि मग गव्हामुळे झालं की भातामुळे, हे कुणालाच कळत नाही. कोरडं आणि टिकाऊ न्या. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून मी पीठ गुळाच्या दुधात भिजवून दशम्या करते. त्या मऊ राहतात. सोबत जवसाची, म्हणजे अळशीची, कोरडी चटणी (जवस वेगळं, वर सांगितलेलं जव वेगळं). उकडलेले बटाटे सालासकट न्या आणि तिथेच सोलून मीठ-जिऱ्याची पूड लावून द्या. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मुरमुऱ्यांचा चिवडा घ्या. थालीपीठ करायचं तर विकतची भाजणी घेऊ नका, तीत बहुतेक वेळा गहू असतो.

चिवड्यावरून आठवलं, हिंग. बाजारातली पिवळ्या हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा. बांधानी, म्हणजे मिसळ करून विकल्या जाणाऱ्या, हिंगात डिंकाबरोबर पीठ मिसळलेलं असतं आणि अनेकदा ते गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. हाच हिंग सांबारात, पापडात, लोणच्यात, चाट मसाल्यात आणि मसाला ताकात जातो. तिच्या डब्यातल्या कुठल्याच पदार्थात मी हिंग घालत नाही. जिरं आणि लसूण पुरतात.

गहू नकळत येण्याची दुसरी जागा गिरणी. इतवारीच्या बाजारातून कितीही चांगली ज्वारी आणा, गिरणीवर ती गव्हाच्या मागून दळली की तिच्यात गहू आला. आमच्याकडे घरघंटी आहे आणि तीत गव्हाचा दाणा पडू दिलेला नाही. घरघंटी नसेल तर त्या दिवशी दळलेलं काही देऊच नका. साबुदाणे वडे, तांदूळ-उडीद घरीच भिजवून वाटलेल्या इडल्या, बटाटे, फळं यांवर लेकराचं पोट छान भरतं. फक्त वडे स्वच्छ कढईत, नव्या तेलात तळा. पोळ्यांचा तवा, पोळपाट, कणकेचा हात, काही लागता कामा नये. तिचा डबा सगळ्यात आधी भरायचा, बाकीच्यांसाठी पुऱ्या लाटायच्या त्यानंतर.

डबा गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. आत लॉकर घ्या, थंड पिशवीत बर्फाची बाटली घालून डबा त्यात ठेवा.

तरीही पोरं काउंटरकडे ओढतातच, आणि बाकीची भावंडं खात असताना हिला नुसतं बघत ठेवणं बरोबर नाही. म्हणून तिथलंही काहीतरी मिळू द्या, पण विचारून. नागपुरात काउंटरवर बहुधा हिंदीच चालते, आणि ‘ग्लूटेन’ म्हटलं की समोरचा बिचारा नुसती मान हलवतो. सरळ म्हणा, “भैया, बच्ची को गेहूँ, मैदा, सूजी बिल्कुल नहीं चलता, बीमारी है. ये कौन-से तेल में तलते हो? उसी में समोसा भी तलता है क्या?” शेवटच्या प्रश्नावर सगळं ठरतं. बटाट्याचे फ्राइज बटाट्याचेच असले तरी समोसे, कचोऱ्यांच्या कढईत पडले की बाद. शिवाय गोठवलेल्या काही फ्राइजवर पिठाचा थर असतो. पावभाजीची भाजी ज्या तव्यावर, त्यावरच पाव भाजतात. डोशाच्या तव्यावर थोड्या वेळापूर्वी रवा डोसा झालेला असतो. मंचुरियन, नूडल्स सोडाच, सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. आपली लाडकी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची पुडाची वडी, तिच्या वरच्या आवरणातही बहुधा मैदा असतो.

चालतं काय? निखाऱ्यावरचं मक्याचं कणीस, नुसतं लिंबू-मीठ लावून. मसाल्याच्या वाटीत बुडवलेलं लिंबू मात्र नको, आपलं लिंबू घरून न्या. नारळपाणी, उसाचा रस, लिंबू सरबत. बंद कपातलं साधं आइस्क्रीम, घटक वाचून. उघड्या डब्यातला स्कूप नको, कारण तोच चमचा कुकी आणि ब्राउनीच्या डब्यांतून फिरतो. पाकिटावर ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘राय’, ‘माल्ट’ (हे बहुधा जवाचंच असतं) यांपैकी एक शब्द जरी दिसला तरी परत ठेवा. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असतात, पण त्यांतही बऱ्याचदा माल्ट असतं.

खाण्याआधी हात साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, ग्लूटेन निघत नाही. टेबलवर आधीच्या लोकांच्या पावाचा चुरा पडलेला असतो, म्हणून तिच्यासाठी वेगळं फडकं अंथरते.

लेकरालाही तयार करा, पण घाबरवून नाही. आमच्या पोरीला एक वाक्य पाठ आहे, “थँक यू, मी आधी आजीला विचारते.” हे वाक्य ती अनोळखी काकूंनाही म्हणते आणि सख्ख्या मामालाही. आदल्या रात्री लाडू ती स्वतः वळते, त्यामुळे डबा उघडताना तिचा चेहरा पडलेला नसतो. शक्य असेल तर घरच्या दोघा-तिघांनी तरी तिच्याबरोबर तेच खावं. तिचे आजोबा पार्कात तिच्याच डब्यातलं जेवतात, आणि ती त्यांना वाढते.

चुकून काही पोटात गेलंच तर सीलिॲकमध्ये त्रास लगेच किंवा काही तासांनी होतो. पोट दुखतं, फुगतं, उलट्या-जुलाब होतात. सावलीत बसवा, ओआरएस घोटघोट पाजा, आणि उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर गाठा. तुमच्या लेकराला सीलिॲक नसून गहू, शेंगदाणे किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर एक मिनिटही थांबायचं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते लॉकरमध्ये न ठेवता सोबतच्या मोठ्या माणसाच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवा. अशा वेळी ते आधी द्या आणि लगेच 108 ला फोन लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर माझी वरची चिक्की, आणि दुधाची असेल तर दुधातल्या दशम्या आणि आइस्क्रीम यादीतून काढून टाका.

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला जायचा बेत असेल तर रीत हीच, फक्त डबे वाढतात, कारण इथून जायचं तर रात्रीचा रेल्वेप्रवास आला. दशम्या आणि लाडू दुसऱ्या दिवशीही चालतात, वडे चालत नाहीत. सोबत छोटी विजेची किटली आणि साधे पोहे ठेवा. मुक्कामाच्या खोलीत पाणी उकळून पोह्यांवर ओता, वरून मीठ, साखर, लिंबू. पोट भरतं.

शेवटचं, परतीचा डबा वेगळा भरा आणि दुपारी तो उघडू नका. दिवसभर पाण्यात खेळून लेकराला खरी भूक लागते ती गाडीत बसल्यावर, आणि तेव्हा रस्त्यावरच्या ढाब्यावर तंदूरच्या रोट्या निघत असतात.