लेकराला फ्लू झालाय? या चुका टाळा

पावसाळा लागला की मराठवाड्यात घरोघरी एखादं तरी लेकरू तापानं फणफणतं. बहुतेक लेकरं आठवडाभरात उठून खेळायला लागतात. पण काहींचा फ्लू फुप्फुसात उतरतो, आणि मग "सकाळी बघू" म्हणून घरी काढलेली रात्र फार महागात पडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता ताप बघणं. आमच्या तीन वर्षांच्या भाचीला पॅरासिटामॉल दिलं, ताप उतरला, आम्ही निर्धास्त झालो. तिच्या आजीनं मात्र झोपलेल्या लेकराचा फ्रॉक वर केला आणि म्हणाली, "अगं, हिचं पोट उडायलंय बघ." प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मोबाइल समोर धरून मिनिटभर श्वास मोजले, 54 भरले. त्याच रात्री दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावावा लागला. ताप औषधानं उतरतो. पण ताप उतरलेला दिसला तरी आतला न्यूमोनिया वाढत असू शकतो.

श्वास लेकरू शांत असताना मोजा, आणि पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, वर्षाच्या आत 50, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले तर थांबू नका. छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, झटके, अंगावर किंवा पाणी न पिणं, आठ तास लघवी न होणं, हाक मारली तरी डोळे न उघडणं, यातलं एकही दिसलं तर 108 ला फोन लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी डॉक्टरांना दाखवाच. तालुक्याच्या दवाखान्यातून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, लातूरला किंवा अंबाजोगाईला न्यायला सांगितलं, तर वाटेत ऑक्सिजनची सोय आहे का ते निघण्याआधीच विचारा.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नका, फ्लूच्या विषाणूवर ती चालत नाही. ॲस्पिरिन तर लेकरांना अजिबात नको. त्यानं मेंदू आणि यकृतावर घात होऊ शकतो. आणि पोटावर बिब्बा? हात जोडून सांगते, नको. कोवळी कातडी भाजते, श्वास तसाच राहतो.

ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. म्हणून दमा, हृदयाचा आजार असलेलं किंवा दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. लेकरू गंभीर असेल तर दोन दिवस उलटले तरी डॉक्टर ते देतात, त्यामुळे "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ताप जातो, लेकरू खेळायला लागतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप, खोकला वाढलेला. हवा बदलली म्हणून ते सोडून देऊ नका. फ्लूनंतर जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो. त्याच दिवशी दाखवा.