आठवड्याच्या बातम्यांचा हलकाफुलका आढावा कसा लिहावा

अर्थ, तंत्रज्ञान, विज्ञान आणि मनोरंजन या चार क्षेत्रांतल्या आठवड्याच्या बातम्या एका पानात, हसत-खेळत सांगायच्या म्हटलं की पहिला सल्ला मिळतो: आकडे टाळा, लोक कंटाळतात. दुसरा सल्ला: प्रत्येक बातमीला एक विनोद जोडा. दोन्ही ऐकू नका. या चारही क्षेत्रांच्या बातम्या आकड्यांवरच उभ्या असतात. आकडा काढून टाकला की उरते ती अफवा, आणि अफवेला विनोद जोडून ती बातमी होत नाही.

आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी असं एक पान मोठ्याने वाचलं जातं आणि बरीच वर्षं ते मी लिहिते. निवृत्त शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं असे सगळे समोर असतात. त्यांना आकडे समजत नाहीत, असं मला कधीच दिसलेलं नाही. अर्धवट आकडे मात्र त्यांना लगेच खटकतात.

पहिली पायरी: बातम्या जमवणं

रोज पाच-दहा मिनिटं, एका वहीत, तारखेसह.

वर्षाचं कॅलेंडर आधीच भरून ठेवा, कारण निम्म्या बातम्या येण्याआधी तारीख सांगतात. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, म्हणजे व्याजदराबद्दलचा निर्णय, वर्षातून सहा वेळा, साधारण दर दोन महिन्यांनी येतं. महागाईचा आकडा महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास आणि यूपीआयचे मागच्या महिन्याचे व्यवहार पहिल्या तारखेला. विज्ञानाच्या नियतकालिकांपैकी 'नेचर'मधले शोधनिबंध बुधवारी, 'सायन्स'मधले गुरुवारी. नोबेल ऑक्टोबरच्या सुरुवातीला. नवे चित्रपट शुक्रवारी लागतात, म्हणून रविवारी सकाळच्या पानात त्यांच्या कमाईचा आकडा देऊ नका. तो तोवर पक्का झालेलाच नसतो, मागच्या आठवड्याचा द्या.

दुसरी पायरी: निवड

प्रत्येक क्षेत्राची एकच बातमी, आणि शिवाय एखादी गंमतीची. बाकीच्या सोडा.

तिसरी पायरी: आकड्याला एकटं सोडू नये

इथे घाई करू नका. ही पायरी जमायला मला सर्वांत जास्त काळ लागला, आणि आजही पानासाठी लागणारा निम्म्याहून जास्त वेळ हिच्यावरच जातो. नियम असा की एकटा आकडा पानावर जाता कामा नये. त्याच्या शेजारी दुसरा हवाच: आधी किती होता, कितीपैकी आहे, किंवा किती लोकांमागे आहे.

शेअर बाजारापासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, ४,३९० अंकांनी पडला. अंकांत मोजलं तर तोवरची सर्वांत मोठी घसरण. आता टक्के काढा: ५.७४. करोनाची टाळेबंदी सुरू होत असताना, २३ मार्च २०२०ला, सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला होता, म्हणजे अंक कमी, पण टक्के १३.१५. आणि २८ एप्रिल १९९२ला, रोखे घोटाळ्याच्या दिवसांत, पडले होते फक्त ५७० अंक, पण तेव्हा निर्देशांकच साडेचार हजारांच्या आसपास होता, म्हणून घसरण १२.७७ टक्के. निर्देशांक जसजसा चढत जातो तसतसे अंक फुगत जातात, त्यामुळे 'ऐतिहासिक' घसरण आणि 'ऐतिहासिक' उसळी दर काही महिन्यांनी होणारच. पानावर टक्के लिहा. अंक लिहायचेच असतील तर टक्क्यांच्या मागून लिहा.

त्याच ४ जूनची दुसरी ओळ होती: गुंतवणूकदारांचे सुमारे ३१ लाख कोटी बुडाले. ही रक्कम म्हणजे बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्यांच्या शेअरांच्या एकूण किमतीत एका दिवसात पडलेला फरक. त्या दिवशी ज्याने शेअर विकलेच नाहीत, त्याच्या खात्यातून काही गेलं नाही. पुढच्या तीन सत्रांत, ७ जूनला, सेन्सेक्स ३ जूनच्या पातळीच्याही वर बंद झाला. बुडाल्याची ओळ छापणाऱ्याने परत आल्याची ओळही त्याच ठशात छापायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या पानावर तरी ते करा. ज्यांनी घाबरून त्या दिवशी विकले, त्यांचं नुकसान मात्र खरं होतं, हेही लिहा.

महागाईचं असंच. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव वाढण्याचा वेग उतरला. १०० रुपयांची थाळी सहा टक्क्यांनी १०६ची झाली आणि पुढच्या वर्षी दर तीन टक्क्यांवर आला, तर थाळी १०९ रुपयांच्या थोडी वर जाते. 'महागाई निम्म्यावर' हे वाक्य बरोबर असूनही, घर चालवणाऱ्या माणसाला ते खोटं वाटतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तिढा सुटतो.

व्याजदराच्या बातमीत टक्क्याचा पाव भाग येतो आणि तो किरकोळ वाटतो. तो हप्त्यात बदलून दाखवा. ३० लाखांचं, २० वर्षांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांवरून सव्वाआठवर आलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,०३५ रुपयांवरून २५,५६२वर येतो. पावणेपाचशे रुपयांचा फरक. शिवाय बँका पुष्कळदा हप्ता तोच ठेवून कर्जाची मुदत कमी करतात, म्हणून वाचकाला 'तुमचा हप्ता कमी होणार' असं थेट आश्वासन देऊ नका.

मिलियन-बिलियन पानावर येऊ देऊच नका. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. हे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा आणि प्रत्येक वेळी त्याकडे बघूनच बदला, कितीही पाठ असलं तरी. एक शून्य घसरलं की आख्खी बातमी दहापट खोटी होते, आणि ऐकणाऱ्याला तसा संशयही येत नाही.

तंत्रज्ञानात सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे इंटरनेटचा वेग. कंपन्या तो मेगाबिटमध्ये सांगतात, आपल्या फाइली मेगाबाइटमध्ये असतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. एक जीबीच्या चित्रपटाला दहा सेकंद नव्हे, किमान ८० सेकंद. फोनच्या चिपवरचा 'तीन नॅनोमीटर' हाही चिपमधल्या एखाद्या भागाचं माप नाही, ते त्या पिढीचं नाव आहे. त्याची केसाच्या जाडीशी तुलना करणारे परिच्छेद मी न वाचताच गाळते.

विज्ञानात दोन सापळे आहेत. पहिला जोखमीचा. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. पुष्कळांनी ते 'शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग' असं वाचलं. ही मूळ धोक्यातली वाढ आहे. समजा, एखादा आजार मुळात शंभरातल्या पाच जणांना होतो. तर १८ टक्के वाढीनंतर तो सहाच्या आसपास जणांना होईल. शंभरातल्या पाचाचे सहा. मूळ धोका माहीत नसेल तर अशी बातमी त्या आठवड्याला घेऊ नका. त्याशिवाय ती लिहिणं म्हणजे लोकांना विनाकारण घाबरवणं. आणि प्रयोग उंदरांवर झाला असेल तर 'उंदरांवर' हा शब्द पहिल्या वाक्यात यायलाच हवा, शेवटच्या नव्हे.

दुसरा सापळा शक्यतेचा. २०२४ वायआर-४ हा लघुग्रह डिसेंबर २०२४च्या अखेरीस सापडला. तो २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये वाढत वाढत ३.१ टक्क्यांवर गेली, म्हणजे ३२ पैकी एक. त्यानंतर आठवड्याभरात ती जवळजवळ शून्यावर आली. लोकांना वाटलं, शास्त्रज्ञांनी आधी घाबरवलं आणि मग शब्द फिरवला. प्रत्यक्षात असं घडणं अपेक्षितच होतं. सुरुवातीला लघुग्रहाची कक्षा धूसर माहीत असते, म्हणून तो त्या दिवशी कुठून जाऊ शकेल तो पट्टा खूप रुंद असतो आणि पृथ्वी त्यात कुठेतरी एक ठिपका असते. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी अजून त्यात असेल, तर तिने व्यापलेला वाटा वाढतो आणि टक्के चढतात. मग पट्टा आणखी अरुंद होतो, पृथ्वी बाहेर पडते आणि टक्के कोसळतात. हे मी त्या रविवारी वाचून दाखवलं तेव्हा लोकांना लघुग्रहापेक्षा या हिशेबातच जास्त रस वाटला. बातमीपेक्षा तिच्यामागचं यंत्र जास्त मनोरंजक असतं, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

मनोरंजनात 'शंभर कोटींचा गल्ला' आला की तीन प्रश्न विचारा. करासकट की करावाचून? देशातला की जगभरचा? किती दिवसांचा? तिकिटावरचा जीएसटी धरून येतो तो ग्रॉस, वगळून येतो तो नेट. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के कर असल्याने फरक मोठा पडतो. नेटमधूनही चित्रपटगृह आणि वितरक आपापला वाटा घेतात. गल्ला शंभर कोटींचा म्हणजे निर्मात्याचा नफा शंभर कोटींचा, असं लिहिणाऱ्याने एकदा तिकीटखिडकीपासून निर्मात्यापर्यंत पैसा कसा जातो हे मांडून बघावं. ऑस्करबद्दलही सावध राहा. भारताची अधिकृत प्रवेशिका होणं वेगळं, नामांकन मिळणं वेगळं. 'श्वास' आणि 'कोर्ट' हे मराठी चित्रपट प्रवेशिका म्हणून गेले आणि तो सन्मान मोठाच आहे, पण नामांकन मिळालं नव्हतं. ते मिळालं असं लिहून त्या चित्रपटांचा मान वाढत नाही.

चौथी पायरी: हलकेपणा आणणं

तिसरी पायरी नीट झाली असेल तर ही सोपी जाते, कारण योग्य जोडीदार मिळालेला आकडा स्वतःच मजेदार होतो. चांद्रयान-३चा खर्च सुमारे ६१५ कोटी. तो हॉलिवूडच्या चित्रपटाशी ताडून बघायची पद्धत पडली आहे. ती सोडा, त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. ६१५ कोटींना १४० कोटी लोकांनी भागा. माणशी साडेचार रुपयांहूनही कमी. इतक्या पैशांत कटिंग चहासुद्धा येत नाही, आणि आपण चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलो! ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात २,००० कोटींवर गेले. सेकंदाला सुमारे साडेसात हजार. म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत तीसेक हजार वेळा कुणीतरी कुणालातरी पैसे पाठवले. यात विनोद जोडावा लागत नाही.

गंमतीच्या बातमीसाठी इग्नोबेल पारितोषिकांकडे लक्ष ठेवा, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ती मिळतात. २०२५मध्ये भारतातल्या दोघांना ते मिळालं, वास येणाऱ्या बुटांमुळे चपलांचं कपाट वापरण्याचा अनुभव कसा बिघडतो याच्या अभ्यासासाठी. चाळीत राहिलेल्या माणसाला या संशोधनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आणि जवळची बातमी शोधा. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. खरं उत्तर सगळ्या तर्कांपेक्षा सुंदर निघालं. पान हलकं व्हायला अशी एक बातमी पुरते.

कुणावर हसायचं नाही, हेही ठरवून ठेवा. पैसे गमावलेल्या छोट्या गुंतवणूकदारावर नाही, ऑनलाइन फसवल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसावर नाही, कुणाच्या आजारावर नाही, नटीच्या वजनावर किंवा घटस्फोटावर तर कधीच नाही. 'मनोरंजन' या सदराखाली ही शेवटची गोष्ट इतकी राजरोस चालते की तुमच्या पानावर ती नसल्याचं लोक पहिल्या महिन्यातच ओळखतील.

पाचवी पायरी: लिहिणं आणि वाचणं

सहाशे शब्द पुरे. अर्थ आधी, मनोरंजन शेवटी, गंमतीची बातमी मध्ये. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. मग ज्याला शेअर बाजाराचं काही कळत नाही अशा घरातल्या माणसाला ते ऐकवा आणि तो जिथे "म्हणजे काय?" म्हणेल तिथे खूण करा. बदल तेवढ्याच ठिकाणी करायचा.

प्रत्येक आकडा कुठून घेतला ते वहीत लिहून ठेवा. कुणी विचारलं तर लगेच दाखवता येतं, आणि पुढच्या पतधोरणाच्या आठवड्यात 'आधी किती होता' हा रकाना वहीतूनच भरता येतो. वही सहा महिने जुनी झाली की तिसऱ्या पायरीचं निम्मं काम तीच करू लागते.