मार्लिन ३३६ चा दस्ता बदलायचाय? आधी लोखंड, मग लाकूड

मार्लिन ३३६ ही अमेरिकेत हरणांच्या शिकारीला नेली जाणारी जुनी, विश्वासाची लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे चापाखालची दांडी (लिव्हर) खाली-वर करून काडतूस भरायची. १९४८ पासूनची, बहुतेकदा थर्टी-थर्टी काडतुसाची. तिचा दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा लाकडी भाग) सहसा पिस्तूल ग्रिपचा असतो, म्हणजे चापामागची मूठ खाली वळलेली असते. विंचेस्टर १८९४ सारखी सरळ मूठ ज्यांना हवी असते, ते नवा दस्ता मागवतात आणि तिथेच फसतात. दस्ता बसतच नाही, कारण हा बदल फक्त लाकडाचा नाही.

हे मार्गदर्शन अमेरिकेत कायदेशीरपणे रायफल बाळगणाऱ्यांसाठी आहे. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार परवान्याशिवाय करता येत नाही. तिथे हे काम परवानाधारक कारागिराचेच.

बदल खरंच हवा आहे का?

सरळ मुठीचा फायदा चालणाऱ्याला होतो. रायफल मधोमध एका हातात धरून जंगलात फिरायचं असेल तर ती सडपातळ आणि सुटसुटीत वाटते. घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानातही ती सरळ आत-बाहेर होते, पश्चिमेकडच्या राज्यांत सरळ मूठ रुळली त्यामागे हे एक कारण आहे. मार्लिननेही ३३६ ची 'टेक्सन' आवृत्ती सरळ मुठीची काढली होती.

पण झाडावरच्या मचाणात बसून वाट पाहायची आणि निवांत नेम धरायचा असेल, तर वळणदार मुठीत मनगट नैसर्गिक कोनात राहतं आणि चाप एकसारखा दाबता येतो. अशा शिकाऱ्याने निव्वळ दिसण्यासाठी हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठरवण्याआधी मित्राची किंवा दुकानातली सरळ मुठीची रायफल, जाड हिवाळी कोट अंगात असताना, खांद्याला लावून पाहा.

तीन भाग एकत्र मागवा

दस्ता, त्याच्या वळणाला जुळणारी लिव्हर आणि चापाची खालची पट्टी हा एकच संच समजा. पिस्तूल ग्रिपच्या ३३६ मध्ये खालच्या पट्टीची शेपटी मुठीच्या वळणाप्रमाणे वाकलेली असते आणि लिव्हरही तशीच वळलेली असते. वरची शेपटी, जिला टँग म्हणतात, ती मात्र रिसीव्हरचाच, म्हणजे रायफलच्या मधल्या धातूच्या सांगाड्याचाच भाग आहे. ती बदलत नाही.

भाग मागवताना रायफल कोणत्या काळातली आहे ते सांगा. कंपनी २००७ मध्ये रेमिंग्टनकडे आणि २०२० मध्ये रूगरकडे गेली. कारखाने बदलले, मापंही थोडीफार बदलली. नळीवर 'जेएम' ठसा असलेली जुनी रायफल असेल तर मूळ दस्ता, लिव्हर आणि पट्टी नीट गुंडाळून जपून ठेवा. विकताना मूळ भागांना किंमत येते.

उतरवणे

लिव्हर उघडा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा, मॅगझिनची नळी रिकामी करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. चष्मा घाला, कारण पुढे ताणलेल्या स्प्रिंगशी गाठ आहे.

टँगवरचा एकच मोठा स्क्रू दस्ता धरून ठेवतो. त्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल पातं निसटलं की खाच खराब होते आणि ती जखम कायम दिसते. स्क्रू काढल्यावर दस्ता सरळ मागे ओढा. अडला तर मुठीच्या बाजूने तळहाताने किंवा रबरी हातोडीने हलके ठोके द्या. वर-खाली हलवून उचकटू नका, टँगच्या दोन्ही बाजूंचं लाकूड पातळ असतं आणि तिथेच चिरतं.

आता लिव्हर अर्धी उघडून तिचा बाजूचा स्क्रू काढा. लिव्हर खाली निघते, मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागे सरकवून बाहेर काढा. त्याच्यामागोमाग रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टरही सुटतो, तो हरवू देऊ नका. खालची पट्टी काढण्याआधी हॅमर, म्हणजे मागचा घोडा, खाली करून मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवावा लागतो. हा टप्पा पूर्वी केला नसेल तर लोखंडाचं सगळं काम बंदूक-कारागिराकडे द्या. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि पुढची तपासणीही त्याच्याच हातून होते.

आधी लोखंड का

दस्ता ज्या पट्टीला मिठी मारणार, तीच बदलायची आहे. म्हणून नवी पट्टी आणि लिव्हर बसवून तपासून झाल्यावरच लाकडाला पटाशी लावा.

तपासणी रिकाम्या रायफलवर. लिव्हर पूर्ण बंद केल्यावरच चाप सुटला पाहिजे. पट्टीतला एक लहान सुरक्षा-ठोकळा लिव्हरने दाबला जातो, तोवर चाप अडून राहतो. नवी लिव्हर किंचित वेगळी घासलेली असेल तर चाप आधीच सुटू शकतो किंवा सुटतच नाही. शिवाय बोल्टला कुलूप लावणारा ठोकळाही लिव्हरच वर उचलते, तो पूर्ण वर येतो का ते पाहा. हॅमर अर्ध्या खाचेत, म्हणजे अर्धा मागे ओढलेल्या स्थितीत, ठाम थांबतो का तेही पाहा. यातलं एकही शंकास्पद वाटलं तर काम तिथेच थांबवा. कानस घेऊन सुरक्षेच्या भागांवर स्वतः प्रयोग करायचे नाहीत.

लाकूड बसवणे

बाजारात मिळणारे अक्रोडाचे दस्ते बहुधा थोडं जास्त लाकूड ठेवून कोरलेले असतात. रिसीव्हरच्या मागच्या कडेवर आणि टँगवर दिव्याची काजळी किंवा लिपस्टिकचा पातळ थर लावा, दस्ता सरळ आत सरकवा, काढा. डाग जिथे उमटला तिथूनच पटाशीने पापुद्र्याएवढं लाकूड काढा. पुन्हा लावा, पुन्हा पाहा. एक संध्याकाळ या कामाला सहज जाते, घाई करू नका.

लक्ष्य असं: रिसीव्हरची मागची सपाट कड लाकडाला चौफेर, सारखी टेकली पाहिजे. गोळी सुटल्याचा धक्का तिथूनच लाकडात जातो. टँगच्या टोकामागे मात्र अर्धा-एक मिलिमीटर फट सोडा. ती नसेल तर प्रत्येक धक्क्याला टँग पाचरीसारखी लाकडात घुसते आणि मूठ उभी फाटते. मुठीला चीर गेलेल्या जुन्या दस्त्यांत हे कारण वारंवार सापडतं.

मग पॉलिश पेपर. आधी १५० नंबर, शेवटी ३२०. मध्ये ओल्या फडक्याने लाकूड पुसून तंतू उभे करा आणि वाळल्यावर घासून टाका. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे किंवा टंग तेलाचे अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. आतल्या कोरीव भागालाही तेल लावा. उघड्या टोकांतून ओल शिरली की बसवलेलं माप बिघडतं. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

स्क्रू हाताच्या बेताच्या जोराने आवळा. डमी (बारूद नसलेल्या) काडतुसांनी लिव्हर वारंवार चालवून पाहा, आणि मग कारागिराला दाखवा.

पहिल्या गोळ्या रेंजवरच. खांद्याची पकड बदललेली असते, गालही वेगळ्या जागी टेकतो, त्यामुळे जुना नेम गृहीत न धरता १०० यार्डांवर तपासून घ्या. दहा-वीस गोळ्यांनंतर टँगचा स्क्रू पुन्हा तपासा. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड आकसतं आणि तो सैल होतो.