फ्रीजमधला क्रोकस

आल्प्सच्या कुरणांवर बर्फ वितळताच क्रोकस हे कंदातून उगवणारं छोटं फूल डोकं वर काढतं. फुलायला त्याला आधी थंडी लागते; रत्नागिरीत ती आणायची कुठून? फ्रीजमधून.

कंद सुपारीपेक्षा थोडे मोठे, वर तपकिरी जाळीदार साल. ऑक्टोबरात आणा, कागदी पिशवीत घालून १२ ते १४ आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पिशवीवर नाव लिहा, नाहीतर कोणीतरी लसूण समजून फोडणीत घालेल. आणि त्या फ्रीजमध्ये केळी, चिकू, सफरचंद नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते, मग नुसती पानं येतात.

जानेवारीत उथळ कुंडीत, जाड वाळू आणि जांभ्याचा चुरा मिसळून ५ सेंटीमीटर खोल लावा. माती फक्त ओलसर हवी. कुंडी पडवीतल्या गार कोपऱ्यात; कोंब दिसले की सकाळचं कोवळं ऊन. फूल जेमतेम आठवडाभर टिकतं, आपल्या उकाड्यात त्याहूनही कमी. पुढच्या वर्षी तेच कंद फुलतील ही आशा सोडा.

एवढी उस्तवार नको असेल तर परड्यात रेन लिली लावा. कंद तसाच छोटा, आणि पहिल्या पावसानंतर चार-पाच दिवसांत फुलं.