डेल पॉवरएजचा मॉडेल नंबर कसा वाचायचा: २९५० पासून आर ७७० पर्यंत

सेकंडहँड सर्व्हर घ्यायला निघालेला माणूस पहिलं विचारतो रॅम किती आणि डिस्क किती, आणि विकणारा पण तेच आधी सांगतो, दोन प्रोसेसर आहेत साहेब, १२८ जीबी आहे, घेऊन टाका. पण रॅम नंतर वाढवता येते, डिस्क बदलता येते, जनरेशन, म्हणजे मशीनची पिढी, बदलता येत नाही. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुकानात उभे असा नाहीतर घरी बसून ऑनलाइन जाहिरात बघत असा, आधी मॉडेल नंबर विचारा. डेलच्या पॉवरएज या सर्व्हरच्या मालिकेत त्या नंबरातच जवळजवळ सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायची पद्धत मधे दोनतीनदा बदलली आहे म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

नंबराच्या आधी इंग्रजी अक्षर नसेल, नुसते चार आकडे असतील, तर मशीन जुन्या पद्धतीचं. उदाहरणार्थ २९५०, हे २००६ चं. पहिला २ म्हणजे वर्ग, इथे दोन यू उंचीचा (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) दोन प्रोसेसरवाला. दुसरा ९ म्हणजे नववी जनरेशन, आणि तिसरा ५ म्हणजे रॅकमध्ये, सर्व्हर ठेवायच्या सांगाड्यात, बसणारं. तिसऱ्या जागी ० असेल तर टॉवर (डेस्कटॉपसारखा उभा राहणारा), म्हणून २९०० हा त्याच पिढीचा टॉवर. शेवटी ५५ आलं तर ब्लेड (मोठ्या सामायिक पेटीत सरकवायचा पातळ सर्व्हर), जसं १९५५. आणि २८५० म्हणजे आठवी. असलं मशीन कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, वीज खातं, आवाज प्रचंड आणि काम आजच्या साध्या डेस्कटॉपपेक्षा कमी करतं.

आता ९ च्या पुढे एका आकड्यात जागाच नाही, मग २००७-०८ च्या सुमारास दहाव्या जनरेशनला डेलनं पुढे अक्षर लावलं आणि मागे तीन आकडे ठेवले. आर म्हणजे रॅक, टी म्हणजे टॉवर, एम म्हणजे ब्लेड. पहिला आकडा वर्ग, दुसऱ्या आकड्यात १० मिळवले की जनरेशन, तिसरा ० असेल तर इंटेल आणि ५ असेल तर एएमडी. आर ७१० घ्या: रॅक, ७ चा वर्ग, अकरावी, इंटेल. आर ७१५ तेच पण एएमडी ऑप्टेरॉनवाला. वर्गाचं म्हणाल तर ६ म्हणजे एक यू, ७ म्हणजे दोन यू, दोन्हीत दोन सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा. ९ ला चार सॉकेट आणि अंगानं पण मोठा, १ ते ३ वाले एका सॉकेटचे छोटे.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. आर ९१० हा आर ६४० पेक्षा नवीन वाटतो कारण नंबर मोठा आहे, पण पहिला अकराव्या पिढीचा आणि दुसरा चौदाव्या. कायम मधला आकडा बघा.

एएमडीचा एपिक प्रोसेसर आल्यावर परत चार आकडे आले, चौदाव्या पिढीपासून. पण पुढे अक्षर आहे म्हणजे २९५० सारखं वाचायचं नाही. आर ७५२५ मध्ये ७ वर्ग, ५ म्हणजे पंधरावी, २ म्हणजे दोन सॉकेट, शेवटचा ५ एएमडी. आर ६५१५ म्हणजे त्याच पिढीचा एक यू, एकच सॉकेट. नंबराच्या मागे एक्सडी असेल तर डिस्कच्या जागा जास्त, बॅकअप किंवा फाइल सर्व्हर करायचा असेल तर हाच शोधा, आर ७२० एक्सडीमध्ये समोर मोठ्या साडेतीन इंची १२ डिस्क बसतात, साध्या आर ७२० मध्ये ८. एक्सएस म्हणजे थोडी काटछाट करून स्वस्त केलेला. डेल ईएमसी असं लिहिलेलं दिसलं तर वेगळी कंपनी समजू नका, डेलनं २०१६ मध्ये ईएमसी विकत घेतली त्यानंतरचा तो स्टिकर. आणि टी ३०, टी ४० हे छोटे टॉवर या हिशोबात बसत नाहीत, त्यांना आय-ड्रॅक पण नाही, म्हणजे लांबून मशीन चालू-बंद करायच्या ज्या सोयीसाठी लोक पॉवरएज घेतात तीच नाही.

नंबर वाचता आला, आता कुठली पिढी घ्यायची ते बघू. अकरावी, म्हणजे आर ६१०, आर ७१०, २००९ पासूनची, इंटेलच्या झिऑन ५५०० आणि ५६०० प्रोसेसरवाली. डीडीआर३ रॅम, आय-ड्रॅक ६. यात पर्क ६/आय हे रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) असेल तर २ टीबीच्या वरची डिस्क तो पूर्ण ओळखतच नाही, आणि व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७ (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) या प्रोसेसरला सपोर्ट करत नाही. शिकण्यापुरतं ठीक, ऑफिसच्या कामाला नको. बारावी २०१२ ची, आर ६२०, आर ७२०, झिऑन ई५-२६०० आणि त्याचं व्ही२. मशीन दणकट आहे, मला आवडतं, पण रॅम अजून डीडीआर३ च, म्हणजे आज त्यात पैसे घालून रॅम वाढवली तर पुढच्या मशीनला ती कामाची नाही. तेरावी २०१४ ची, आर ६३०, आर ७३०, ई५-२६०० चं व्ही३ आणि व्ही४, इथून डीडीआर४ सुरू झालं आणि आय-ड्रॅक ८ आलं. छोट्या ऑफिसला, क्लासला, घरी प्रयोग करणाऱ्याला माझ्या मते इथून खाली उतरायचं नाही. चौदावी २०१७ ची, आर ६४०, आर ७४०, झिऑन स्केलेबल, आय-ड्रॅक ९, बजेट थोडं ताणून ही मिळत असेल तर हीच घ्या, कारण रोजच्या धंद्याचा डेटा ज्याच्यावर ठेवायचा त्याला फर्मवेअर अपडेट आणि सुटे भाग अजून काही वर्षं मिळायला हवेत. पंधरावी २०२१ ची आर ७५०, सोळावी २०२३ ची आर ७६० जिच्यात डीडीआर५ आलं, आणि सतरावीची आर ७७०, हे सगळं अजून महागातलं आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

ब्लेडबद्दल मात्र थांबून सांगतो. एम ६२० सारखी ब्लेड जाहिरातीत फार स्वस्त दिसते, प्रोसेसर आणि रॅम आर ६२० सारखीच, आणि माणूस हरखून जातो. पण ब्लेडला स्वतःचा पॉवर सप्लाय नाही, पंखे नाहीत, ती एम १००० ई नावाच्या मोठ्या चेसिसमध्ये, म्हणजे त्या सामायिक पेटीत, घातल्याशिवाय चालूच होत नाही. एफसी ६३० चं पण तसंच, त्याला एफएक्स२ चेसिस लागतं. नावात आर किंवा टी नसेल तर विकणाऱ्याला सरळ विचारा की हे एकटं चालतं का.

मशीन समोर आलं की पुढच्या बाजूला सर्व्हिस टॅग शोधा, रॅकवाल्यात बहुतेक वेळा बाहेर ओढायची छोटी पट्टी असते तिच्यावर, सात अक्षर-आकड्यांचा. तो डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा आत काय होतं, कधी पाठवलं आणि वॉरंटी कधीपर्यंत होती हे कळतं. आत आज जे आहे त्याच्याशी ताडून बघा. प्रोसेसर बदललेला असला म्हणून लगेच वाईट समजू नका, पण रेड कार्ड काढून साधं बसवलेलं असेल, पर्क एच ७३० च्या जागी एच ३३० वगैरे, तर किमतीत ते दिसलं पाहिजे.

मग मशीन चालू करायला लावा आणि आय-ड्रॅकमध्ये शिरा. तेराव्या पिढीपर्यंत युजर रूट आणि पासवर्ड कॅल्विन हा ठरलेला असायचा आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून घरी आणल्यावर तो बदलल्याशिवाय नेटवर्कला जोडू नका. चौदाव्यापासून शक्यतो प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड येतो आणि तो त्याच पट्टीवर छापलेला असतो, पट्टी हरवलेली असेल तर आय-ड्रॅक रिसेट करून द्या म्हणावं. आय-ड्रॅकचं लायसन्स कुठलं ते पण बघा, एक्सप्रेस असेल तर आर सिरीजच्या मशीनची स्क्रीन लांबून दिसणार नाही, त्याला एंटरप्राइज लागतं आणि सर्व्हर दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असणार असेल तर त्याचे पैसे आधीच धरा.

शेवटी लाइफसायकल लॉग उघडा, बाराव्या पिढीपासून पुढे तो नीट वाचता येतो. डिस्क कधी फेल झाली, पॉवर सप्लाय कधी गेला, रॅमच्या कुठल्या स्लॉटला एरर आले, तारखेसकट असतं. विकणाऱ्यानं सिस्टिम इव्हेंट लॉग पुसलेला असला तरी लाइफसायकल लॉग सहसा राहतो, तेव्हा पैसे द्यायच्या आधी तो खालपर्यंत स्क्रोल करा, आणि एकाच रॅम स्लॉटचा एरर परत परत दिसला तर नुसती रॅम बदलून मिळते म्हणून ऐकू नका, ती रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून एरर रॅमबरोबर जातो की जागेवरच राहतो ते तिथेच बघून घ्या. जागेवर राहिला तर बहुतेक बोर्ड किंवा प्रोसेसर गेलेला असतो.