पेंटगुळाची पानं पिवळी पडतायत?

पेंटगूळ, म्हणजे नर्सरीतला इक्झोरा, हे मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचं झुडूप. त्याला आम्लधर्मी माती लागते. आपण मात्र कुंपण म्हणून ते नेमकं सिमेंटच्या भिंतीला चिकटून लावतो. चुना मातीत झिरपतो, मुळांना लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. इथे युरिया ओतून उपयोग नाही. भिंतीपासून दोन फूट लांब लावा, कुजलेला पालापाचोळा घाला. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं तर फरक लवकर दिसतो. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यापेक्षा साठवलेलं पावसाचं बरं. छाटणी बहर ओसरल्यावरच करा. गुच्छ फांद्यांच्या टोकांना येतात. दर पंधरवड्याला कात्री चालवलीत तर कुंपण रेखीव दिसेल, फुलं नाही दिसायची.